मेलोमाकारोना: ग्रीक नाताळातली मध-संत्र्याची बिस्किटं घरी कशी करायची

डिसेंबर लागला की ग्रीसमधल्या मिठाईच्या दुकानांत दोन ढीग शेजारी शेजारी दिसू लागतात. एक पांढराशुभ्र, पिठीसाखरेत घोळलेल्या कुराबिएदेस नावाच्या लोण्यातल्या बिस्किटांचा. दुसरा खरपूस तपकिरी, पाकाने चकाकणारा, वर अक्रोडाचा चुरा भुरभुरलेला. हा दुसरा ढीग मेलोमाकारोनाचा. या दोघांत सरस कोण, यावर तिकडे दर नाताळात घराघरांत वाद रंगतो. मी दुसऱ्या ढिगाच्या बाजूची आहे, हे आधीच सांगून टाकते. लोणी सढळ हाताने घातलं की कुठलंही बिस्किट खुसखुशीत होतंच, त्यात कौतुक ते काय! मेलोमाकारोनात लोणी नाही, दूध नाही, अंडंही नाही. सगळा खेळ तेल, संत्र्याचा रस, मसाला आणि मध यांच्यावर.

असं का, तर हा मुळात उपवासाचा पदार्थ. ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये नाताळाआधी चाळीस दिवसांचा उपवास असतो, १५ नोव्हेंबर ते २४ डिसेंबर. या काळात मांस, अंडी आणि दूधदुभतं वर्ज्य. तेल मात्र आठवड्यातले काही कडक दिवस सोडले तर चालतं. आपल्या उपवासाच्या अगदी उलटा हिशेब म्हणायचा. आपल्याला दूध-तूप चालतं आणि गहू चालत नाही, त्यांना मैदा चालतो पण तुपाचा थेंब चालत नाही. म्हणून लोण्यातली कुराबिएदेस नाताळ उजाडेपर्यंत डब्यात बंद राहतात, आणि मेलोमाकारोना करता करता दोन-चार तोंडात टाकली तरी व्रत मोडत नाही.

पाककृतीच्या आधी हे सांगितलं, कारण पुढे प्रत्येक पायरीला 'असंच का?' हा प्रश्न पडेल आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडेल. लोणी गार झालं की घट्ट होतं आणि बिस्किटाचा आकार धरून ठेवतं, तेल तसं करत नाही. अंडं तेल आणि रस यांना एकत्र बांधतं, इथे अंडंच नाही. त्यामुळे या पिठात तेल आणि रस जेमतेम एकत्र नांदत असतात. थोडं जास्त हाताळलं की त्यांचं फाटतं. हे एकदा ध्यानात घेतलं की पाककृती फार सोपी आहे.

साहित्य

मध्यम आकाराची साधारण ३५ बिस्किटं होतील. घरात वजनकाटा असेल तर तोच वापरा. वाटीने मोजलेला मैदा दर वेळी वेगळा भरतो.

पिठासाठी:
मैदा ५०० ग्रॅम
बारीक रवा १०० ग्रॅम
तेल २८० मिली (ऑलिव्ह ऑइल १०० मिली आणि सूर्यफुलाचं १८० मिली)
संत्र्याचा ताजा रस १६० मिली
ब्रँडी ३० मिली (नको असेल तर तेवढाच रस जास्त)
पिठीसाखर ६० ग्रॅम
दोन संत्र्यांच्या सालीचा कीस
दालचिनी पूड २ छोटे चमचे
लवंगेची पूड पाव छोटा चमचा
जायफळ पाव छोटा चमचा
खायचा सोडा १ छोटा चमचा, सपाट
बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा
मीठ चिमूटभर

पाकासाठी: साखर ३०० ग्रॅम, पाणी २५० मिली, मध २०० ग्रॅम, दालचिनीचा एक लांब तुकडा, ३ लवंगा, संत्र्याच्या सालीची एक पट्टी, लिंबाची एक फोड.

वर घालायला: अक्रोड १५० ग्रॅम, चिमूटभर दालचिनी पूड, आणि धार सोडायला २-३ चमचे मध.

छोटा चमचा म्हणजे ५ मिलीचा, मापाचा. पोह्यांच्या चमच्याने सोडा मोजाल तर बिस्किटांना साबणाची चव येईल.

संत्री: इथे जरा थांबावं लागेल

ग्रीसमध्ये वापरतात ती संत्री घट्ट सालीची, आंबटगोड. आपल्याकडे डिसेंबरात बाजार भरलेला असतो तो नागपुरी संत्र्यांनी. त्यांची साल सैल आणि पातळ, सुगंध वेगळा, जरा फुलांकडे झुकणारा. हा फरक चवीत येतो, पण वाईट लागत नाही. उलट नागपुरी संत्र्याच्या सालीत सुगंधी तेल भरपूर असतं. अडचण एवढीच की सोललेली साल किसता येत नाही, हातात दुमडते. म्हणून अख्खं संत्रं धुऊन, पुसून, आधी किसायचं आणि मग पिळायचं. किसणीची सगळ्यात बारीक बाजू घ्या आणि फक्त नारिंगी थर उतरवा. खालचा पांढरा थर आला की कडवटपणा आलाच. परदेशी संत्री घेतलीत तर त्यांच्यावर बहुतेक वेळा मेणाचा थर असतो, तो कोमट पाण्याखाली घासून काढा.

मोसंबीचं काय, असं कोणीतरी विचारेलच. मोसंबीचा रस गोड असतो पण त्यात आंबटपणा जवळजवळ नसतो. या पाककृतीत सोडा फुलतो तो रसातल्या आम्लामुळे. मोसंबी वापरली तर सोडा तसाच पडून राहतो, बिस्किटं बसकी होतात आणि तोंडात सोड्याची चव रेंगाळते. मोसंबीच हाताशी असेल तर रसात दीड-दोन चमचे लिंबू पिळा. डब्यातला किंवा पुड्यातला रस नको. त्यात बरेचदा साखर असते आणि चवीला सपाट लागतो.

तेल आणि मध

पूर्ण ऑलिव्ह ऑइलमध्येही करता येतात आणि दक्षिण ग्रीसमधल्या क्रीट बेटावर, पेलोपोनीसमध्ये अनेक घरांत तशीच होतात. ऑलिव्हची तोड तिकडे हिवाळ्यातच चाललेली असते, ताजं तेल घरात आलेलं असतं. पण ताज्या तेलाला तिखटसर, हिरवा कडवटपणा असतो. सवय नसलेल्या जिभेला तो गोड पदार्थात खटकतो, आणि चांगलं ऑलिव्ह ऑइल इकडे परवडतही नाही. एक भाग ऑलिव्ह आणि दोन भाग साधं वास नसलेलं तेल हे प्रमाण मला चोख वाटतं. शेंगदाण्याचं तेल वापरू नका, विशेषतः घाण्याचं. ते बाकी सगळ्यांच्या डोक्यावर बसतं.

मधाच्या बाबतीत ग्रीक माणूस काटेकोर. अथेन्सला खेटून असलेल्या हिमेटस डोंगरावरचा थाइमचा, म्हणजे एका सुगंधी झुडपाच्या फुलांचा, मध प्राचीन काळापासून नावाजलेला आहे, आणि किथिरा बेटावरच्या थाइमच्या मधाला आजही मान आहे. पण देशात निघणाऱ्या मधातला निम्म्याहून जास्त मध फुलांचा नसतोच, तो पाइनच्या झाडांचा असतो. पाइनच्या सालीवर राहणारा एक बारीक कीटक झाडाचा रस पितो आणि गोड द्राव बाहेर सोडतो, मधमाश्या तो गोळा करतात. हा मध गडद असतो, कमी गोड असतो आणि सहसा लवकर गोठत नाही. पाकासाठी तो उत्तम. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारा म्हणजे जांभळाच्या फुलोऱ्याचा मध. महाबळेश्वरच्या बाजूला मिळतो, गडद रंगाचा, मागे किंचित कडवट चव ठेवणारा. फिकट आणि नुसता गोड मध घेतलात तरी बिस्किटं होतील, पण मग ती साखरेच्या पाकातली वाटतील.

'मध तापवू नये' हे आपल्या घरांत पक्कं बसलेलं असतं. ग्रीसमध्ये बरेच जण मध पाकातच उकळतात आणि वर येणारा फेस काढून टाकतात. मी उकळत नाही, कारण उकळला की सुगंध उडतो आणि मग इतका चांगला मध आणला कशाला! साखरेचा पाक उतरवून कोमट झाल्यावर मध घालायचा. ज्यांना मध अजिबात गरम नको, त्यांनी पाक पूर्ण गार झाल्यावर मिसळावा, तरी गरम बिस्किटं त्यात पडली की पाक थोडा कोमट होणारच, हे धरून चाला.

आधी पाक, मग बिस्किटं

साखर, पाणी, दालचिनी, लवंगा, संत्र्याची साल आणि लिंबाची फोड एका पातेल्यात घालून मध्यम आचेवर ठेवा. साखर विरघळली की एक उकळी येऊ द्या आणि त्यानंतर चार-पाच मिनिटांत गॅस बंद. दोन बोटांत धरून तार बघत बसायची सवय असेल तर ती आज बाजूला ठेवा. इथे एकतारी पाक झाला म्हणजे पुढे गेला. तो बिस्किटात शिरणार नाही, वर साखरेचा थर होऊन बसेल. पाक पातळ, तेलासारखा वाहता हवा. लिंबाची फोड आहे ती साखर परत गोठू नये म्हणून. कोमट झाल्यावर मध ढवळा आणि पातेलं झाकून गार व्हायला ठेवा. हे सकाळी करून संध्याकाळी बिस्किटं केलीत तर उत्तम, आदल्या रात्री केलंत तर आणखी उत्तम. पाक गार हवा म्हणजे खरोखर गार हवा, 'बऱ्यापैकी' गार नव्हे. कारण पुढे सांगते.

अक्रोड याच वेळी कापून ठेवा. आधी एक चावून बघा. जुन्या अक्रोडाला खवट, रंगासारखा वास येतो, आणि तो मधही झाकू शकत नाही. मिक्सरमधून काढू नका, भुगा होतो आणि तेल सुटतं. सुरीने कापा. थोडी बारीक पूड, थोडे ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे, असं मिश्र राहू द्या. चिमूटभर दालचिनी मिसळा.

पीठ

एका परातीत किंवा मोठ्या वाडग्यात मैदा आणि बेकिंग पावडर चाळून घ्या, रवा आणि मीठ मिसळा. दुसऱ्या खोलगट भांड्यात तेल, पिठीसाखर, सालीचा कीस, दालचिनी, लवंग, जायफळ आणि ब्रँडी घालून रवीने किंवा व्हिस्कने मिनिटभर घुसळा. कीस तेलात पडला की लगेच वास सुटतो. मसाला पिठात न घालता तेलात घालायचा तो याचसाठी. लवंगेची पूड मापातच घ्या. खलबत्त्यात ताजी कुटलेली असेल तर मापाहून जराशी कमीच, ती फार जोरकस असते.

आता संत्र्याचा रस एका उंच भांड्यात घ्या. भांडं रसाच्या निदान तिप्पट उंचीचं हवं. त्यात सोडा टाका आणि ढवळा. फसफसून फेस वर येईल, म्हणूनच उंच भांडं म्हटलं. फेस खाली बसायची वाट न बघता तो रस तेलात ओता आणि पुन्हा घुसळा. मिश्रण फिकट, दाटसर आणि एकजीव दिसेल. हे फार वेळ टिकत नाही, आणि सोड्याचं कामही सुरू झालेलं आहे. त्यामुळे ओव्हन या आधीच १८० अंशांवर तापत ठेवलेला हवा आणि ट्रेवर बटर पेपर लावलेला हवा. फोन आला तर नंतर करते म्हणून सांगा.

पूर्वी ग्रीक खेड्यांत सोड्याऐवजी लाकडाच्या राखेचं निवळलेलं पाणी घालत. काही घरांत अजूनही घालतात. राखेचं पाणी अल्कधर्मी असतं, आणि म्हातारी माणसं सांगतात की खरा खुसखुशीतपणा त्यानेच येतो.

ओलं मिश्रण कोरड्यावर ओता. आता हात. आपल्या हातांना पीठ दिसलं की मळायची सवय आहे, मुठी आवळून, तळव्याने दाबून. इथे तसं करायचं नाही. बोटं पसरून, हाताचा पंजा करून, खालचं पीठ वर आणायचं आणि सोडून द्यायचं. बालुशाहीचं पीठ जसं मळत नाहीत, नुसतं गोळा करतात, तसं. आठ-दहा वेळा वर-खाली केलं की कोरडं पीठ दिसेनासं होतं. त्या क्षणी हात बाहेर. पीठ मऊ, ओलसर आणि जरा खडबडीत दिसेल, गुळगुळीत गोळा होणार नाही. तो तसाच हवा.

मळलं तर दोन गोष्टी होतात. मैद्यातला चिकटपणा जागा होतो आणि बिस्किटं आवळतात, मग त्यांच्यात पाक शिरायला जागाच उरत नाही. शिवाय तेल वेगळं व्हायला लागतं. परातीच्या तळाशी चकाकी दिसली, हाताला तेलाचा थर लागला, गोळा वळताना फाटू लागला, तर समजायचं की मर्यादा ओलांडली. असं झालं तर आणखी मैदा घालून सावरायला जाऊ नका, बिस्किटं दगड होतील. पीठ दहा मिनिटं झाकून ठेवा, मग न दाबता जमतील तसे गोळे करा. दिसायला ओबडधोबड होतील, खायला चालतील.

आणि पीठ सुरुवातीलाच फार सैल वाटलं, हाताला चिकटलं तर? पाचेक मिनिटं थांबा. रवा रस पितो आणि पीठ जाग्यावर येतं. रवा घालायचा तो त्याच कामासाठी, आणि पाकात पडल्यावर बिस्किटाचा लगदा होऊ नये म्हणूनही. रवा वगळून नुसत्या मैद्याची करू नका. मैद्यातला थोडा भाग, फार तर चौथा हिस्सा, कणकेने बदलता येतो. त्यापुढे गेलात तर पौष्टिक होतील, मेलोमाकारोना होणार नाहीत.

आकार

तीस ग्रॅमचा गोळा घ्या, लहान लिंबाएवढा. तळहातावर हलकेच लांबट करा, अंड्याच्या आकाराचा, साधारण सहा सेंटिमीटर. आता किसणी उलटी धरा, जाड भोकांची बाजू वर, आणि गोळा तिच्यावर अलगद दाबून उचला. बिस्किटाच्या पाठीवर छोट्या टेकड्यांची नक्षी उठते. किसणी नको असेल तर काट्याचे दात आडवे-उभे टेकवा. ही नुसती सजावट नाही. खाचांमुळे पृष्ठभाग वाढतो, पाक तिथे साचतो आणि अक्रोड धरून राहतो. दाबताना तळहाताचा भार टाकलात तर गोळा चपटा होईल आणि भट्टीत कडक होईल. मधला भाग फुगीर राहिला पाहिजे.

काही जण आत अर्धा चमचा अक्रोड भरतात. चांगलं लागतं, पण भरायचं म्हणजे पीठ जास्त हाताळायचं. पहिल्या वेळी नकोच.

ट्रेवर बोटभर अंतर सोडून मांडा. पसरत नाहीत, फुगतात. उरलेलं पीठ ओल्या फडक्याने नाही, कोरड्या फडक्याने झाका.

भाजणं

१८० अंशांवर, मधल्या खणात, २२ ते २८ मिनिटं. पंख्याचा ओव्हन असेल तर १७० पुरे. घरगुती ओटीजीमध्ये वरची कांडी फार जवळ असते, ट्रे एक खण खाली घ्या. पंधरा मिनिटं झाल्यावर ट्रे फिरवा, कारण बहुतेक ओटीजी एका कोपऱ्यात जास्त तापतात.

घड्याळापेक्षा रंग बघा, आणि इथे मन घट्ट करा. आपण बिस्किटं बदामी झाली की काढतो. ही बदामी झाली की अर्धीच झाली. रंग गडद तपकिरी हवा, खाचांच्या कडा त्याहून गडद, उचलून पाहिलं तर तळही चांगला खरपूस. पिठात साखर कमी आहे, म्हणून जळण्याची भीती तुम्हाला वाटते तेवढी नाही. शिवाय सोड्यामुळे रंग लवकर चढतो, त्यामुळे वरचा रंग बघून फसू नका. एक बिस्किट मोडून बघा. आत ओलसर पट्टा दिसला तर अजून तीन-चार मिनिटं. नीट वाळलेलं, ठिसूळ बिस्किट पाक पितं आणि तरी उभं राहतं. फिकट बिस्किट पाकात पडलं की भिजलेल्या पावासारखं होतं.

भाजताना घरभर जो वास सुटतो त्यासाठी तरी एकदा हे करून बघावं. संत्र्याची साल, लवंग आणि तापलेलं तेल, नंतर त्यात दालचिनी.

पाकात सोडणं

सगळ्यात महत्त्वाचा नियम: एक गरम, एक गार. बिस्किटं गरम तर पाक गार, बिस्किटं गार तर पाक गरम. दोन्ही गरम असतील तर बिस्किट बाहेरून विरघळून तुटतं. दोन्ही गार असतील तर पाक वरून ओघळून जातो, आत काहीच जात नाही.

पहिली पद्धत मला जास्त भरवशाची वाटते. ट्रे बाहेर काढल्याबरोबर चार-पाच बिस्किटं गार पाकात सोडा. गार पाक लागताच आतली वाफ आकसते आणि पाक खेचला जातो. जवळून बघा: खाचांमधून बारीक बुडबुड्यांच्या माळा वर येतात, म्हणजे आतली हवा बाहेर आणि तिच्या जागी पाक. बिस्किटं तरंगतात, म्हणून झाऱ्याने हलकेच खाली दाबून धरा. दहा-पंधरा सेकंद एक बाजू, मग उलटी, आणखी तेवढंच. बुडबुडे मंदावले की झाऱ्याने उचलून जाळीवर ठेवा, खाली ताट.

पहिलं बिस्किट निथळलं की मोडून बघा, बाकीचे सेकंद त्यावरून ठरवा. कडेपासून आत पाक गेलेला दिसतो, मधोमध एक फिकट कोरडी रेघ उरते. काहींना ती रेघ हवी असते, म्हणजे दाताखाली थोडं कुरकुरीत काही लागतं. काहींना आरपार भिजलेलं आवडतं. मी रेघवाल्यांतली.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. पहिला घाणा गेल्यावर पाक गार राहत नाही. तिसऱ्या घाण्यापर्यंत तो चांगलाच तापलेला असतो, आणि मग 'आधीची छान झाली, नंतरची तुटली' असं होतं. म्हणून पाकाचं पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवा, किंवा पाक दोन भांड्यांत वाटून घ्या आणि आलटून पालटून वापरा.

बिस्किटं आदल्या दिवशी भाजून ठेवायची असतील तर दुसरी पद्धत सोयीची. बिस्किटं पूर्ण गार, पाक मंद आचेवर वाफाळता, उकळता नव्हे. यात मध बराच तापतो, म्हणून मी अशा वेळी पाकात मध अर्धाच घालते आणि उरलेला नंतर वरून सोडते.

अक्रोड आणि शेवटची धार

बिस्किटं जाळीवर निथळत असतानाच, पाक अजून ओला असताना, वर अक्रोडाचा चुरा घाला आणि बोटाने जरासा टेकवा. वाळल्यावर घातला तर खाली गळतो. मग चमच्याने मधाची बारीक धार. काही भागांत अक्रोडासोबत भाजलेले तीळ घालतात. अथेन्सच्या दुकानांत आता अख्खी चॉकलेटमध्ये बुडवलेलीही मिळतात आणि खपतातही धडाधड. मला त्यात मध हरवल्यासारखा वाटतो.

लगेच खायचा मोह होईल, एखादं खाच. पण दुसऱ्या दिवशी ती जास्त चांगली लागतात. पाक सगळीकडे सारखा पसरतो, लवंगेचा तिखटपणा खाली बसतो, आणि संत्रं पुढे येतं.

ठेवणं आणि वाढणं

झाकणाच्या डब्यात, थरांमध्ये बटर पेपर घालून, स्वयंपाकघरातल्या साध्या तापमानाला ठेवा. दोन ते तीन आठवडे आरामात टिकतात, कारण खराब होण्यासारखं त्यात दूध-अंडं काही नाही. फ्रिजमध्ये ठेवू नका, पाक दाट होतो आणि बिस्किटं घट्ट लागतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत डबा सारखा उघडू नका. पाक न घातलेली भाजलेली बिस्किटं ठेवून, लागतील तशी दुसऱ्या पद्धतीने पाकात सोडली तरी चालतं. ज्यांच्याकडे २४ तारखेला रात्री पाहुणे येणार आहेत त्यांच्यासाठी हीच युक्ती.

अंडं चालत नाही अशांना ही बिनधास्त देता येतात. मध असल्यामुळे काटेकोर व्हीगन मंडळींना मात्र आधी सांगा, आणि ब्रँडी घातली असेल तर तेही सगळ्यांनाच सांगा. लहान मुलं खाणार असतील तर ब्रँडीऐवजी रसच घातलेला बरा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देत नाहीत, त्यामुळे त्याला हे बिस्किट नाही.

ग्रीसमध्ये ही मोठ्या ताटात शंकूसारखी रचून समोरच्या टेबलावर ठेवतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला देतात. २४ डिसेंबरला सकाळी मुलं हातात लोखंडी त्रिकोण घेऊन दारोदार फिरतात आणि दार उघडलं की विचारतात, "ना ता पूमे?" म्हणजे म्हणू का आम्ही? घरचे हो म्हणाले की त्रिकोण किणकिणवत नाताळची गाणी म्हणतात. मग मुलांच्या हातावर पैसे पडतात आणि बऱ्याच घरी एखादं मेलोमाकारोनोही. १९२२ नंतर आशिया मायनरमधून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, आलेल्या ग्रीक निर्वासितांच्या अनेक घरांत यांनाच फिनिकिया म्हणतात, आणि आमचीच खरी असा तिथेही दावा असतो.

सोबत कडक, बिनसाखरेची कॉफी हवी. आपल्या गोड चहाबरोबर ती फार गोड होतात.

पाक थोडा उरेलच. तो गाळून बाटलीत भरा आणि फ्रिजमध्ये ठेवा. आठवडाभर तरी नीट राहतो. घट्ट दह्यावर एक चमचा आणि उरलेले अक्रोड, किंवा सोललेल्या संत्र्याच्या फोडींवर ओतून तासभर मुरवत ठेवा.